आधी घड्याळं जुळवा: ग्रामीण कॅज्युअल्टीत रेसिडेंटना संशोधन शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा: विदर्भातल्या एका ग्रामीण मेडिकल कॉलेजात इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीच्या तीन जागा आहेत. विचारणारे डॉक्टर तिथे दोन वर्षांपासून सहायक प्राध्यापक आहेत. रेसिडेंट थिसिस 'उरकतात', संशोधन शिकत नाहीत, ही त्यांची तक्रार. पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ नाही, निधी नाही, आणि रात्री दोन रेसिडेंट मिळून सगळी कॅज्युअल्टी ओढतात. यंदाच्या तिघांपैकी एकीने सर्पदंश घेतलाय, एकाने फवारणीची विषबाधा, आणि तिसऱ्याला 'काहीतरी मोठं, आरसीटीच' (चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून उपचारांची तुलना करणारी चाचणी) करायची आहे. दर शनिवारी व्याख्यानमाला ठेवावी का, असं त्यांनी विचारलंय.

डॉक्टर, व्याख्यानमाला ठेवू नका. निदान पहिलं वर्ष तरी नको. रिसर्च मेथडॉलॉजीतलं जे पुस्तकी आहे ते आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेच्या ऑनलाइन कोर्समध्ये येतं. तो कोर्स सक्तीचा आहेच, आणि मुलं तो दीडपट वेगाने व्हिडिओ पळवत पास होतात. शनिवारी तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत तर ती झोपतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

मी मूळची मेडिसिनची. २००९ साली एमसीआयने (तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने) इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली, तेव्हा आमच्याकडे कॅज्युअल्टी म्हणजे एक टेबल, एक सीएमओ (कॅज्युअल्टीचा ड्युटी डॉक्टर) आणि मेडिकोलीगलचं, म्हणजे पोलीस केसचं, रजिस्टर. नंतर विभाग झाला, रेसिडेंट आले, थिसिस आले. माझ्या हाताखालून गेलेल्या थिसिसपैकी जे बिघडले त्यातला एकही आकडेमोडीत बिघडला नाही. सगळे खाटेजवळ बिघडले. रात्री अडीच वाजता जो आकडा चुकीचा लिहिला गेला, किंवा लिहिलाच गेला नाही, तिथे. पी-व्हॅल्यू नंतर कोणीही काढून देतं. पेन घाईत सरकलं आणि वेळ चुकली, तर ती वर्षभराने कोण दुरुस्त करणार? म्हणून नव्या रेसिडेंटला पहिले दोन महिने मी संशोधनातलं एकच काम शिकवते: वेळ लिहिणं.

हे का, ते एका फजितीवरून सांगते. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. आमच्याकडे तो खरंच किती वेळात निघतो ते बघायचं ठरलं. पहिल्या चाळीस केसपेपरांत सहा जणांचा ईसीजी ते दवाखान्यात यायच्या आधीच निघालेला! ईसीजी मशीनचं घड्याळ चौदा मिनिटं मागे होतं. केसपेपर खिडकीच्या कॉम्प्युटरची वेळ वेगळी, भिंतीवरच्या घड्याळाची वेगळी, आणि मॉनिटरची तर तारीखच मागच्या वर्षातली. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी हँडओव्हरच्या आधी एक रेसिडेंट सगळी यंत्रं मोबाइलच्या वेळेला लावतो आणि वहीत सही करतो. पाच-सात मिनिटांचं काम आहे. ते मामांवर (वॉर्डबॉयवर) ढकलू नका, सिस्टरांवरही नाही. ज्याच्या नावावर पुढे पेपर येणार त्यानेच स्टुलावर चढून घड्याळ काढायचं.

दवाखान्याची वेळ सोपी. पेशंटची वेळ काढणं ही खरी विद्या, आणि ती कुठल्याही कोर्समध्ये नाही.

आमच्या भागात साप चावला असं कोणी पटकन म्हणत नाही, 'पान लागलं' म्हणतात. पुण्याकडून आलेल्या एका रेसिडेंटने पहिल्या पावसाळ्यात 'पान लागलं जी' ऐकून केसपेपरवर तंबाखू-पानाच्या सवयीची नोंद केली होती. सिस्टरने वेळीच ऐकलं म्हणून बरं. पण भाषेचा अडसर पान या शब्दाशी संपत नाही. 'किती वाजता लागलं?' विचाराल तर 'रातच्यालेच' एवढंच उत्तर मिळतं. मग रेसिडेंट अंदाजाने 'रात्री १०' लिहितो. अशा पन्नास केसपेपरांत सगळेच रात्री १० वाजता चावलेले दिसतात, आणि त्यावर आपण 'दंशापासून एएसव्हीपर्यंतचा काळ' (एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन) नावाचा तक्ता मांडतो.

माझी एक सिनियर रेसिडेंट हे कसं काढायची ते मी शेजारी उभं राहून ऐकलंय. चावलेल्याचे वडील समोर होते.

"काकाजी, पान लागलं तवा लाइन होती का?"

"हाव. लाइन आल्यावरच तं गेल्ता तो मोटर चालू कराले."

"मंग किती येळानं आरडला?"

"दोन दांड भिजले असन."

शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज रात्रीची असली की माणूस ओलितासाठी अंधारात वावरात उतरतो. पान लागण्याचं एक मोठं कारण तेच आहे. त्यामुळे लाइन किती वाजता येते हे गावात लहान पोरालाही पाठ असतं. त्या आठवड्यात ती साडेदहाला येत होती. दोन दांड भिजायला पाऊण तास, हेही म्हाताऱ्यानेच सांगितलं. तिने लिहिलं: '११.१५, अंदाजे, वडिलांच्या सांगण्यावरून, लाइनच्या वेळेवरून.' नुसतं ११.१५ नाही. वेळ कोणी सांगितली आणि कशावरून काढली, हे त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. कधी लाइनऐवजी मुक्कामी एसटी असते, कधी हरिपाठ, कधी रात्रीची मालिका. पुढे विश्लेषणात 'खात्रीची वेळ' आणि 'अंदाजे वेळ' असे दोन गट वेगळे करून बघता येतात. हा विचार मुलीने स्वतः केला होता, कोणत्याही लेक्चरशिवाय.

आणि १०८ वरून आलेल्या पेशंटच्या बाबतीत तर फोन किती वाजता लागला ही वेळ ॲम्ब्युलन्सच्या कागदावर छापून येते. तो कागद केसपेपरला पिन मारायचा. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं डस्टबिनमध्ये जात होता.

आता सर्पदंश घेतलेल्या तुमच्या रेसिडेंटबद्दल. तिच्या प्रोफॉर्मात, म्हणजे रुग्णाची माहिती भरायच्या छापील कागदात, 'ट्वेंटी मिनिट होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट' असणारच. नसेतलं दोन मिली ताजं रक्त, स्वच्छ कोरडी काचेची नळी, वीस मिनिटं न हलवता ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. वाचायला याहून सोपं काय? आमच्या एका थिसिसचे तीन महिने या सोप्या टेस्टने खाल्ले. रक्त न गोठणाऱ्यांचं प्रमाण एवढं वाढलं की आम्हाला वाटलं यंदा घोणस फार झाल्यात (तिच्या विषाने रक्त गोठत नाही). एका रात्री रेसिडेंटने कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, स्वतःचं रक्त लावलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, तर ते पाण्यासारखं वाहिलं. धडधाकट मुलगा! चौकशी केली तेव्हा कळलं की काचेच्या नळ्या संपत आल्या होत्या, म्हणून त्या साबणाच्या पाण्याने घासून पुन्हा वापरल्या जात होत्या. काचेचा पृष्ठभाग रक्त गोठण्याची साखळी सुरू करतो. त्यावर डिटर्जंटचा थर राहिला की साखळी सुरूच होत नाही. धुणाऱ्यांनी मन लावून स्वच्छ धुतल्या होत्या, दोष त्यांचा नव्हता. आम्ही कोणीच त्यांना टेस्ट कशी चालते ते सांगितलं नव्हतं. त्या तीन महिन्यांत काहींना एएसव्ही गरज नसताना गेलं असणार, हे मला आजही डाचतं. डेटा टाकून दिला तो वेगळाच.

तेव्हा तिला सांगा, दर पाळीत पहिल्या पेशंटबरोबर एक निरोगी कंट्रोल लावायचा. टायमर मोबाइलवर. बाराव्या मिनिटाला घाईने नळी हलवायची नाही, आणि हलवली तर तसं लिहायचं. सुजेचंही तेच. 'कोपरापर्यंत सूज' हे दोन रेसिडेंट दोन तऱ्हेने लिहितात. पेनने कातडीवर रेघ आणि रेघेशेजारी वेळ, टेपने घेर, समोरच्या हाताचाही. मी एक खेळ लावते: जुने वीस केसपेपर दोन रेसिडेंटनी एकमेकांना न दाखवता प्रोफॉर्मात उतरवायचे, मग जुळवायचे. जिथे जुळत नाही तिथे व्याख्या कच्ची आहे. कप्पा (दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा संख्याशास्त्रातला आकडा) कसा काढायचा ते मुलं त्याच दुपारी शिकतात, कारण आता त्यांना तो हवा असतो.

फवारणीवाल्या मुलाचं काम तिच्याहून अवघड आहे, आणि मला वाटतं त्याला अजून ते कळलेलं नसेल.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वेळी डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न उपचाराच्या आधीचा होता: नक्की काय फवारलं? पंपात एकाहून जास्त औषधं मिसळलेली होती. हा प्रश्न आजही रोजचा आहे. आणि शब्दच घोटाळ्याचा. गावात कीटकनाशकाला 'औषध'च म्हणतात. नव्या रेसिडेंटने 'कोणतं औषध घेतलं?' विचारलं की नातेवाईक बीपीच्या गोळ्यांची पिशवी पुढे करतो. विचारायचं, 'पंपात काय टाकलं होतं, कोणकोणते डबे फोडले?' आणि रिकामा डबा मागवायचा. डब्याचा, लेबलवरच्या टेक्निकल नावाचा आणि त्या रंगीत चौकोनाचा फोटो काढून केस नंबरासह ठेवायचा. लाल चौकोन असेल तर ते जहाल विषांत मोडतं. दुकानाच्या ब्रँड नावावर थिसिस लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. 'फवारताना लागलं' आणि 'प्यायलं' यांतली रेघ. दारात पोलीस, केसपेपरवर मेडिकोलीगलचा शिक्का, घरात लग्नाची मुलगी, शिवाय नुकसानभरपाईचा प्रश्न. पहिल्या तासात सांगितलेली हकीकत आणि तिसऱ्या दिवशी सलाइन उतरल्यावर बायकोने हळूच सांगितलेली हकीकत वेगळी असू शकते, आणि दोन्ही दिशांनी वेगळी असू शकते. रेसिडेंट काय करतो? पहिलं खोडतो आणि दुसरं लिहितो. तसं करू द्यायचं नाही. पहिली नोंद तशीच, खाली दुसरी, तारीख-वेळ आणि कोणी सांगितलं त्याच्या नात्यासह. विश्लेषणात तीन गट ठेवायचे: फवारणी, प्राशन, अनिश्चित. तिसरा गट मोठा आला तर येऊ द्या. तो लहान दिसावा म्हणून रेसिडेंटने पोलिसी तपास करायचा नाही. ते आपलं काम नाही, आणि एकदा ती नजर कळली की माणूस पुढे काहीच सांगत नाही. ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केलाय त्याला मानसोपचाराकडे पाठवणं हे प्रोटोकॉलमध्येच लिहा, रेसिडेंटच्या मर्जीवर ठेवू नका.

याच मुलासाठी जर्नल क्लबला दोन पेपर द्या, शेजारी शेजारी ठेवून. २००६ साली बारामतीच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक गट) विषबाधेची चाचणी छापली: दोनशे रुग्ण, सगळ्यांना प्रॅलिडॉक्झिम या उताऱ्याचा दोन ग्रॅमचा पहिला डोस, मग अर्ध्यांना तासाला एक ग्रॅम सतत ठिबक, अर्ध्यांना दर चार तासांनी एक ग्रॅम. ठिबकवाल्यांत एक टक्का दगावले, दुसऱ्या गटात आठ टक्के. २००९ साली श्रीलंकेतली चाचणी पीएलओएस मेडिसिनमध्ये आली: २३५ रुग्ण, प्रॅलिडॉक्झिम विरुद्ध सलाइन. औषध मिळालेल्यांत २४.८ टक्के दगावले, सलाइनवाल्यांत १५.८. आता मुलांना विचारा, उद्या रात्री पेशंट आला तर काय कराल? आणि गप्प बसा. अर्धा तास तरी वाद होऊ द्या. बारामतीचे रुग्ण लवकर पोहोचले होते का? किती गंभीर होते? विष डायमिथाइल होतं की डायइथाइल (ऑर्गनोफॉस्फरसचे दोन रासायनिक प्रकार)? ठिबकचा डोस दोन्हीकडे सारखा होता का? आयसीयू कशी होती? मृत्यूची टक्केवारी एकीकडे एक-आठ आणि दुसरीकडे पंधरा-पंचवीस आहे, म्हणजे हे एकाच तऱ्हेचे रुग्ण तरी आहेत का? रँडमायझेशन, बाह्य वैधता, कॉन्फिडन्स इंटरव्हल हे शब्द त्या अर्ध्या तासात आपोआप येतात. शिवाय तालुक्याच्या गावातून लॅन्सेटपर्यंत जाता येतं हेही त्यांना दिसतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचं काम असंच रुग्णाच्या उशाशी बसून, नाडी-रक्तदाबाच्या नोंदी ठेवत उभं केलं. ते मी मुलांना सांगते, पण प्रेरणादायी भाषण म्हणून नाही. त्यांच्या नोंदींत किती रकाने असतील याचा अंदाज करा, असं सांगते.

नमुना संख्येबद्दल. संख्याशास्त्रज्ञ नाही म्हणून घाबरू नका, पण '१०० घेऊ' असंही लिहू देऊ नका. तुमच्या सर्पदंशवाल्या मुलीला मांडून दाखवा: समजा दंशाच्या रुग्णांपैकी १५ टक्क्यांना व्हेंटिलेटर लागतो असं धरलं आणि आपल्याला हा आकडा पाच टक्के अलीकडे-पलीकडे इतक्या नेमकेपणाने हवाय. ४ गुणिले १५ गुणिले ८५, भागिले ५ चा वर्ग. २०४ रुग्ण. मग लगेच कॅज्युअल्टी रजिस्टर उघडायचं आणि गेल्या पावसाळ्यात किती आले ते बोटाने मोजायचं. ९० आले असतील तर तेच गणित उलटं करा: नेमकेपणा साडेसात टक्क्यांवर घसरतो. चालेल का? दोन पावसाळे घ्यावे लागतील का? आणि २०४ मिळाले तरी त्यातले व्हेंटिलेटरवर जाणार साधारण तीस. एका घटकामागे दहा घटना हा ढोबळ हिशोब धरला तर लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (कोणत्या घटकामुळे व्हेंटिलेटरची शक्यता वाढते ते बघायच्या गणितात) तीन घटक बसतात. मुलं सतरा घेऊन येतात. चौदा खोडायला लावा. कोणते तीन ठेवायचे यावर जो वाद होतो तोच खरा क्लिनिकल विचार.

पावसाळ्यावरून आठवलं, थिसिसचं वेळापत्रक विद्यापीठाच्या तारखांवरून लावता येत नाही, पिकावरून लावावं लागतं. साप जूनपासून सप्टेंबरपर्यंत. फवारणी जुलै ते ऑक्टोबर. उष्माघात एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत. एथिक्सची मंजुरी ऑगस्टमध्ये आली तर तीन वर्षांच्या एमडीतला एक हंगाम गेलाच म्हणून समजा. एथिक्स कमिटीची बैठक कधी असते ते आजच विचारा.

एथिक्सचं मी जास्त लिहीत नाही, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मुलांना वाचायला लावा. पण संमती घेणं हे वाचून येत नाही. बेशुद्ध पेशंटच्या नातेवाइकाकडून संमती घेतली तर तो शुद्धीवर आल्यावर त्याच्याकडून पुन्हा घ्यायची, आणि त्याने नाही म्हटलं तर त्याची माहिती काढून टाकायची. अंगठा असेल तर बाहेरचा साक्षीदार हवा, आपला मामा नाही. 'संशोधन' हा शब्द आमच्याकडे लोक 'प्रयोग करून ऱ्हायले' असा ऐकतात. मी रेसिडेंटला आधी सिस्टरसमोर बोलून दाखवायला लावते. सिस्टरला कळलं नाही तर पेशंटला काय कळणार? तुमच्याकडे मेळघाटातले किंवा गडचिरोलीकडचे पेशंट येत असतील तर मराठी फॉर्मही पुरणार नाही. कोरकू किंवा गोंडी बोलणारं कोणीतरी पाळीत लागेल.

तिसऱ्या मुलाच्या आरसीटीचं काय? उत्साह मारू नका, पण पायाखालची जमीन दाखवा. चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. औषधाची खरेदी, पाकिटं, रात्री रँडमायझेशन कोण करणार, अपाय झाला तर खर्च कोणाचा, हे त्याने एका कागदावर लिहून आणावं. माझ्या अनुभवात त्या कागदानंतर मुलं स्वतःच दुसरा प्रश्न शोधतात.

आणि लहान प्रश्न म्हणजे हलका प्रश्न नव्हे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी २०१० साली एक साधी गोष्ट तपासून छापली: पापणी, जीभ, तळहात यांचा फिकेपणा बघून ॲनिमिया खरंच ओळखता येतो का, आणि दोन डॉक्टरांचं त्यावर एकमत होतं का. आपण रोज जे बिनदिक्कत करतो तेच त्यांनी मोजलं. तुमच्या तिसऱ्या मुलाला त्याच जातीचा प्रश्न देता येईल. मण्यारीच्या दंशात श्वास कमी पडतोय का हे बघायला आपण पेशंटला एका श्वासात आकडे मोजायला लावतो. आकडा घसरत गेला की श्वासनलिकेत नळी टाकायची तयारी. पण आमचे म्हातारे पेशंट विसाच्या पुढे मोजत नाहीत. 'एक इसा, दोन इसा' (इसा म्हणजे वीस) म्हणून मोजणारे अजून आहेत. एक-दोन-तीन म्हणायला लागणारा वेळ आणि एकवीस-बावीस-तेवीस म्हणायला लागणारा वेळ सारखा नाही. मग धोक्याचा आकडा कोणता? दोन रेसिडेंटनी एकाच पेशंटचा घेतला तर जुळतो का? ज्याला मोजताच येत नाही त्याला काय म्हणायला लावायचं? यात खर्च शून्य, प्रश्न आपल्याच खाटेवरचा, आणि उत्तर आलं तर पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरलाही उपयोगी. त्याला ही कल्पना आवडली तर बिनधास्त वापरा, मी हक्क सांगणार नाही.

बाकी पटकन सांगते. एक्सेलमध्ये वयाच्या रकान्यात '४५ वर्षे' असं लिहू देऊ नका, नुसता आकडा. आणि पहिला रुग्ण घेण्याआधी कोडबुक, म्हणजे कोणत्या रकान्यात काय आणि कसं भरायचं त्याची यादी, तयार हवं. माहिती भरायला कोबो किंवा एपिइन्फो ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, विश्लेषणाला जामोवी पुरतं. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांचे मेल आले की मला दाखवा, असं मुलांना सांगून ठेवलंय. दाखवतात, आणि आम्ही हसतो.

पाठपुराव्याचं मात्र पटकन होत नाही. स्वतःच्या जबाबदारीवर सुट्टी लिहून घेऊन गेलेले आणि नागपूरला पाठवलेले, हेच सर्वांत गंभीर असतात, आणि तेच आपल्या तक्त्यातून गळतात. मग मृत्युदर छान कमी दिसतो. भरतीच्या वेळीच तीन नंबर घ्या: घरचा, शेजाऱ्याचा आणि गावच्या आशाताईंचा. घरचा मोबाइल बहुतेक पोराच्या हातात असतो आणि पोरगं पुण्यात कंपनीत. आशाताई फोन उचलतात. फोन करण्याची संमती फॉर्मवर आधीच घ्या, आणि समोरून 'तो तं गेला जी' असं ऐकू आलं तर पुढे काय बोलायचं, याची तालीमही द्या. आमच्या एका मुलाने असा फोन ठेवल्यावर दोन दिवस दुसरा फोन केला नाही. तेव्हा मला कळलं की हे काम एकट्याने करायचं नसतं. आता मंगळवारी दुपारी दोघं मिळून करतात.

तुमच्या शनिवारी वाचलेल्या वेळाचं काय करायचं ते सांगते. पोस्ट-ड्यूटीच्या मुलाला थिसिसचं काम देऊ नका, त्याला झोपू द्या. त्याऐवजी महिन्यातून एक अर्धा दिवस प्रत्येकाला खरोखर मोकळा द्या. त्या वेळात कॅज्युअल्टीतून फोन आला तर तुम्ही स्वतः खाली जा. दोनदा गेलात की विभागाला कळेल हा वेळ खरा आहे. आणि डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे एमडीत जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात काढायचे, तीन महिने वाया जाऊ देऊ नका. सर्पदंशवाल्या मुलीने त्या काळात तालुक्याच्या पीएचसीत जाऊन बघावं: एएसव्हीच्या किती कुप्या आहेत, पहिला डोस तिथे का देत नाहीत, रेफरची चिठ्ठी कोण लिहितं आणि तिच्यावर वेळ असते का. तिच्या थिसिसमधले उशिरा पोहोचलेले पेशंट तिथूनच आलेले असतात.

मृगाला अजून वेळ आहे. त्याआधी तिने दहा रुग्णांवर प्रोफॉर्मा वापरून बघावा. साप नसले तर विंचूदंश चालतील, वेळ लिहिण्याचा सराव तोच. प्रोफॉर्मा दोन पानांचा असेल तर एका पानावर आणा, रात्री दुसरं पान कोणी उलटत नाही. आणि काचेच्या नळ्यांचा इंडेंट (स्टोअरकडे मागणी) याच आठवड्यात टाका. आमच्या स्टोअरला दोन महिने लागले होते, आणि आल्या त्या प्लास्टिकच्या.